बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधून धूर: रिफा कपॅसिटरच्या जागी काय लावायचं, पार्ट कुठे मिळतील?

शाळेचा_संगणक (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आमच्या साताऱ्याकडच्या शाळेत १९८४ नंतर 'क्लास' या शाळांत संगणक शिकवायच्या सरकारी प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले होते, ज्यांच्या शाळेत होते त्यांना ती बेज रंगाची पेटी आणि लाल फंक्शन कीज आठवतील. मी आयुष्यात पहिला प्रोग्राम त्याच्यावर टाइप केला. मागच्या महिन्यात स्टोअररूम रिकामी करताना दोन मशीन सापडली आणि मुख्याध्यापिका बाईंनी रीतसर लिहून देऊन एक मला दुरुस्तीला दिलं, चालू झालं तर ते परत शाळेतच ठेवायचं असं ठरलंय.

काल लावलं. बीप आला, पडद्यावर अक्षरं आली, डोळ्यात पाणीच आलं खरं सांगतो. पंधरा-वीस मिनिटांनी फटाक्यासारखा आवाज आणि मागच्या बाजूने पांढरा दाट धूर, घरभर असा वास की रात्री सगळ्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या. लगेच प्लग काढला. सप्लाय अॅस्टेकचा आहे, उघडल्यावर दिसलं की मेन इनपुटजवळचा एक मधाच्या रंगाचा पारदर्शक चौकोनी कपॅसिटर फुटलाय आणि शेजारच्या छोट्यालाही अंगभर बारीक तडे गेलेत. फुटलेल्यावर रिफा (कंपनीचं नाव), पीएमई २७१ एम, ०.१ मायक्रोफॅरॅड, २५० व्होल्ट, एक्स२ एवढं वाचता येतंय.

इथल्या दुकानात दाखवला तर त्यांनी १०४ (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅडच) लिहिलेला ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर दिला, म्हणाले २५० च्या जागी ६३० आहे म्हणजे जास्तच चांगला. लावू का?

सिरीजबोर्ड (सोमवार, रात्री १०:२५)

नको. थांबा.

तो ६३० व्होल्ट डीसी आहे आणि तुमची जागा आहे थेट फेज आणि न्यूट्रलच्या मधली. मी ३४ वर्षं टीव्ही आणि यूपीएस दुरुस्त केलेत, या एका गैरसमजाने जळलेले बोर्ड किती बघितले त्याला मोजदाद नाही. तिथे मशीन चालू असेपर्यंत २३० व्होल्ट एसी असतोच पण शेजारचा पंप चालू-बंद झाला, वीज कडाडली की लाइनवर हजार-दोन हजार व्होल्टचा क्षणभराचा झटका येतो, आणि एक्स२ म्हणजे नुसतं व्होल्टेज नाही, एक्स२ म्हणजे असा अडीच हजार व्होल्टपर्यंतचा झटका खाऊन आतल्या आत स्वतःला सावरणारा आणि मेला तरी पेट न घेणारा, अशी चाचणी झालेला माल. साध्या १०४ ची ती चाचणी झालेलीच नसते.

दुकानात असं सांगा: "०.१ मायक्रोफॅरॅड, एक्स२, २७५ व्होल्ट एसी, बॉक्स टाइप, पॉलिप्रॉपिलीन." हल्ली ३०५, ३१० व्होल्ट एसीचे पण येतात, आपल्याकडे रात्री लाइन २५० च्या वर जाते तिथे ते अजून चांगले. नंबर सांगत बसू नका, त्या पार्टचं काम सांगा. चाळीस वर्षांपूर्वीचा नंबर दुकानदाराला कळणार नाही पण काम सांगितलं की बरोबर डबा काढतो.

आणि दोन्ही बदला, फक्त फुटलेला नाही.

लीड्सचा_मराठी (मंगळवार, पहाटे २:१०)

इथे इंग्लंडमध्ये हे इतकं कॉमन आहे की जुना बीबीसी मायक्रो घेतला की चालू करायच्या आधीच हे दोन कपॅसिटर बदलायचे अशी रीतच पडलीये. कारण असं की त्या रिफामध्ये धातूचा थर दिलेला कागद असतो, वर इपॉक्सीचं कवच. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन कवचाला तडे जातात, तड्यातून हवेतला दमटपणा कागदात शिरतो आणि मग लाइन व्होल्टेज मिळालं की आत जळायला सुरुवात. म्हणजे मशीन किती वापरलं याचा संबंध कमी, कपाटात नुसतं पडून राहिलेलं मशीनही तेवढंच धोक्यात. साताऱ्याच्या पावसात ३० वर्षं स्टोअररूममध्ये राहिलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. त्यामुळे दुसरं मशीन अजिबात लावू नका.

अॅस्टेकच्या सप्लायमध्ये तीन पार्ट बदलायचे: ०.१ मायक्रोफॅरॅड एक्स२, ०.०१ मायक्रोफॅरॅड एक्स२ (तुमचा तो छोटा), आणि सी९, तो इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेला कपॅसिटर) आहे २२० मायक्रोफॅरॅड १० व्होल्ट. सी९ सुकला की सप्लाय सुरू व्हायला कुरकुर करतो.

अजून एक, हे भारतात कोणी सांगत नाही. ब्रिटिश प्लगच्या आतच एक फ्यूज असतो, अशा उपकरणाला ३ किंवा ५ अँपिअरचा. शाळेत आलेल्या मशीनचा प्लग कापून आपला तीन पिनी प्लग लावला असणार, त्यात फ्यूज नसतो. म्हणजे संरक्षणाचा एक टप्पा कमीच झालाय, वायरमध्ये फ्यूज होल्डर टाकून घ्या.

शाळेचा_संगणक (मंगळवार, सकाळी ७:५०)

प्लग खरंच कापलेला आहे! दोघांचे मनापासून आभार. दुसऱ्या मशीनच्या वायरला 'लावू नये' अशी चिठ्ठी बांधून यायला आज शाळेत जातोय.

प्रश्न: १० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक इथे मिळत नाही, २५ व्होल्टचा चालेल का? आणि नवीन एक्स२ च्या पायांमधलं अंतर जुन्याशी जुळत नाही असं वाचलं.

ट्रान्झिस्टरताई (मंगळवार, दुपारी १:१५)

२५ व्होल्टचा चालेल, आकार बसला पाहिजे एवढंच. पण १०५ डिग्रीचा आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्या, ८५ डिग्रीचा साधा ऑडिओवाला नको. स्विचिंग सप्लायमध्ये कपॅसिटरला हाय फ्रिक्वेन्सीचा करंट सारखा ढकलावा लागतो, ईएसआर जास्त असला की तो आतून तापतो आणि तापला की सुकतो. साधारण हिशोब असा की तापमान दहा डिग्रीने कमी तर आयुष्य दुप्पट, त्यामुळे १०५ वाला घेणं म्हणजे चैन नाही. पॅनासॉनिक एफआर किंवा एफसी, निचिकॉन पीडब्ल्यू, रुबिकॉन झेडएलएच, यातला कुठलाही. केल्ट्रॉनचा कपॅसिटर दुकानात मिळाला तर तोही मी निःशंक घेते, फक्त त्यातही १०५ डिग्रीची सिरीज मागून घ्या.

अंतराचं: एक्स२ हल्ली १०, १५, २२.५ मिलिमीटरमध्ये येतात, जुन्या रिफाचं कधीकधी २०.३ असतं. आधी जुना काढा, मग पट्टी लावून भोकांमधलं अंतर मोजा आणि मग दुकानात जा. थोडा फरक असला तर पाय वाकवून त्यावर स्लीव्ह चढवा, उघडे पाय ठेवू नका. उंची पण मोजा, वर झाकण आहे ते विसरू नका.

मुंबईला येणं होत असेल तर ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोड. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास. पण मेन लाइनवरचे पार्ट मी गेली काही वर्षं माउझर, डिजिकी, एलिमेंट१४ असल्यांकडूनच मागवते, कारण दुकानात 'एक्स२' छापलेले पिवळे डबे मी मीटरवर मोजलेत आणि १०० नॅनो (म्हणजे ०.१ मायक्रो) लिहिलेला ६८ भरलाय. घेताना अंगावरच्या खुणा बघा, एमकेपी (पॉलिप्रॉपिलीन) एक्स२, पुढे आयईसी ६०३८४-१४, व्हीडीई किंवा एनेक या सुरक्षा चाचण्यांचा शिक्का, कंपनीचं नाव. नुसतं १०४ आणि २७५ एवढंच असेल तर ठेवून द्या.

पुणे_तीस (मंगळवार, रात्री ९:०५)

धाग्यात घुसतोय, माफ करा, पण विषय तोच आहे. माझ्याकडे ४८६ पीसी आहे, डेस्कटॉप, जुन्या एटी जातीचा सप्लाय. मेला होता. उघडला तर दोन्ही स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट, त्यावर सी२३३५ लिहिलेलं. तो मिळाला नाही म्हणून दुकानदाराने १३००७ दिले, लावले, चालू केला, धाड! पुन्हा दोन आणले, पुन्हा धाड. आता मला कळत नाहीये की १३००७ हा चुकीचा पर्याय आहे की मिळतायत तेच डुप्लिकेट आहेत. चार ट्रान्झिस्टर आणि तीन फ्यूज गेले.

सिरीजबोर्ड (मंगळवार, रात्री १०:५०)

पर्याय बरोबर आहे. सी२३३५ म्हणजे २एससी२३३५, जपानी नंबर, पुढचं २एस अंगावर छापत नाहीत. तो ४०० व्होल्ट ७ अँपिअरचा, १३००७ पण ४०० व्होल्ट आणि ८ अँपिअर, कलेक्टर-बेस-एमिटरची पायांची जागा मात्र डेटाशीटला ताडून घ्या. तुमचा सप्लाय हाफ ब्रिज असणार: दोन मोठे २०० व्होल्टचे कपॅसिटर, दोन ट्रान्झिस्टर, एक टीएल४९४ किंवा केए७५०० कंट्रोल आयसी. यात प्रत्येक ट्रान्झिस्टरवर साधारण सव्वातीनशे व्होल्टच येतात म्हणून ४०० वाला पुरतो. हेच एका ट्रान्झिस्टरचा फ्लायबॅक असता तर बंद होताना सातशे-आठशे व्होल्टचा टोला बसतो, तिथे १३००७ ला काठावर उभं केल्यासारखं होतं, बीयूटी११ए सारखा हजार व्होल्टचा लागतो. म्हणून पर्याय शोधताना पहिला प्रश्न 'नंबर काय' हा नाही, 'सर्किट कुठल्या जातीचं आहे' हा.

आता तुमचे का जातायत. ट्रान्झिस्टर गेला म्हणून फक्त ट्रान्झिस्टर बदलला हेच कारण. त्या दोघांच्या बेसजवळ दोन बारके इलेक्ट्रोलिटिक असतील, १ किंवा २.२ मायक्रो ५० व्होल्ट, हीटसिंकच्या अगदी पोटाशी. ते सुकलेले असतात. सुकले की बेसला बंद होण्याचा जोर मिळत नाही, एक ट्रान्झिस्टर पूर्ण बंद व्हायच्या आत दुसरा चालू होतो आणि दोघे मिळून सव्वातीनशे व्होल्ट शॉर्ट करतात. धाड. ते दोन बारके बदला. त्यांच्या बाजूचे एक-दोन ओहमचे रेझिस्टर आणि छोटे डायोड पण काढून मोजा, ट्रान्झिस्टर मरताना त्यांना सोबत नेतो. मग ३३० के चे स्टार्टअप रेझिस्टर मोजा, ते हळूहळू ओपन होतात. दोन्ही मोठ्या कपॅसिटरवर व्होल्टेज समान वाटलं जातंय का तेही.

आणि कृपा करून सिरीज बोर्ड करा! साधा होल्डर, ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब, सप्लायच्या फेजमध्ये सिरीजला. एलईडी बल्ब चालणार नाही. चालू करताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पण ट्रान्झिस्टर वाचला. तुमचे चारपैकी किमान दोन वाचले असते. लोड पण लावा, एटी सप्लाय रिकामा चालवू नये: ५ व्होल्टवर ५ ओहम १० वॉटचा रेझिस्टर, १२ वर गाडीचा ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब.

पुणे_तीस (मंगळवार, रात्री ११:३०)

काका, बेसजवळचे दोन्ही आत्ताच काढून मोजले. एक ०.२ मायक्रो दाखवतोय आणि दुसरा शून्य. इतके दिवस नजर हीटसिंकवरच होती.

ट्रान्झिस्टरताई (बुधवार, सकाळी १०:००)

तरी डुप्लिकेटचा मुद्दा सोडू नका. मी पॉवर ट्रान्झिस्टर घेताना एक जास्तीचा घेते आणि तो व्हाइसमध्ये धरून फोडते. आतली चिप बघायची. दोन वेगवेगळ्या दुकानांतले १३००७ फोडले तर एकात चिप ठसठशीत, दुसऱ्यात मोहरीएवढी. मोहरीवाला तपासणीत चांगलाच दाखवतो, मल्टिमीटरला काही कळत नाही, लोड आला की मरतो. छपाईवर अॅसिटोनचा बोळा फिरवून बघा, अक्षरं पुसून खाली दुसरा नंबर दिसला तर तो नंबर बदललेला माल. लेझरने कोरलेलाही खोटा असू शकतो, तरी निदान पुसलेला तर पकडला जातो.

डायोडबद्दल पण सांगते कारण पुढचा प्रश्न तोच येतो. सेकंडरीला (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुट बाजूला) १एन४००७ किंवा ब्रिजमधले साधे डायोड कधीच नाही, अँपिअर कितीही असू देत. ते ५० हर्ट्झसाठी आहेत, इथे ३०-४० किलोहर्ट्झ आहे, उलट दिशेला बंद व्हायलाच त्यांना वेळ लागतो आणि तापून फुटतात. ५ व्होल्टच्या लाइनला शॉटकी, एमबीआर३०४५ सारखा. पण तोच ४५ व्होल्टवाला १२ च्या लाइनला लावू नका, तिथे उलटं व्होल्टेज त्याच्या वर जातं, एमयूआर१६२० सारखा अल्ट्राफास्ट लावा.

कोकणी_माणूस (बुधवार, दुपारी ३:२०)

जुन्या एटीएक्स सप्लायमधून काढलेले पार्ट वापरावेत का? माझ्याकडे पोतंभर आहेत.

सिरीजबोर्ड (बुधवार, संध्याकाळी ६:४०)

खुणा असलेला एक्स२ मोजून बरोबर भरला तर हो. एनटीसी (सुरुवातीचा करंट अडवणारा रेझिस्टर), हीटसिंक, मायका, बुश, शॉटकी, टीएल४९४, हे सगळं बिनधास्त. इलेक्ट्रोलिटिक कधीच नाही.

ट्रान्झिस्टरताई (बुधवार, संध्याकाळी ७:०५)

काका, तुमचा मान ठेवून असहमत. वाय कपॅसिटर भंगारातला नको असं स्पष्ट लिहायला हवं. एक्स गेला तर फ्यूज जातो किंवा धूर होतो. वाय असतो लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये, तो शॉर्ट झाला आणि घरातला अर्थ नावापुरता असला तर सगळी पेटी लाइव्ह होते. ही मशीन शाळेत परत जाणार आहेत, मुलं हात लावणार. निळा ४७२ (४.७ नॅनो) दिसला म्हणून साधा सिरॅमिक डिस्क लावणारेही बघितलेत. वाय२ नवाच, खात्रीच्या ठिकाणचाच.

सिरीजबोर्ड (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

मान्य ताई, शंभर टक्के. माझं वाक्य अपुरं होतं. आणि शाळेतल्या त्या खोलीचा अर्थही तपासून घ्या.

नागपूरचा_नितळ (बुधवार, रात्री ९:१५)

एवढा खटाटोप कशाला, मीनवेलचा आरटी-६५ए हा नवा तयार सप्लाय घ्या, ५, १२ आणि उणे ५ तिन्ही एकात मिळतात, जुन्या डब्यात बसवा, झालं. चाळीस वर्षांचा ट्रान्सफॉर्मर आणि भाजलेला बोर्ड यावर मशीनचा जीव टांगायचा का? ५ व्होल्टची लाइन बिघडून वर गेली तर रॅम आणि आयसी जातील, ते आता कुठून आणणार?

लीड्सचा_मराठी (गुरुवार, पहाटे १:४०)

मुद्दा चुकीचा नाही. कमोडोर ६४ च्या मूळ इपॉक्सी भरलेल्या अॅडॉप्टरबाबत मी हेच सांगतो, तो उघडताच येत नाही आणि मरताना ५ व्होल्ट वर चढवून रॅम मारतो, तो वापरूच नये. पण अॅस्टेकचा उघडतो, त्याचं सर्किट माहीत आहे, बिघडणारे पार्ट मोजून तीन आहेत आणि तिन्ही आजही नवीन मिळतात. अशा ठिकाणी मी दुरुस्तीच्या बाजूने. कुठला सप्लाय वाचवायचा आणि कुठला बदलायचा ते असं एकेकाचं बघून ठरवावं लागतं.

बदललात तरी जुना बोर्ड फेकू नका, पिशवीत घालून मशीनसोबत ठेवा.

गोंयकार_८बिट (गुरुवार, सकाळी ११:२५)

माझा छोटा प्रश्न, डीबी स्पेक्ट्रम (झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश होम कॉम्प्युटरची भारतात निघालेली आवृत्ती) आहे, मूळ अॅडॉप्टर हरवलाय. बाजारात ९ व्होल्टचे ढीगभर मिळतात, कुठलाही चालेल?

ट्रान्झिस्टरताई (गुरुवार, सकाळी ११:५०)

नाही! स्पेक्ट्रमच्या पिनचं मधलं टोक निगेटिव्ह असतं, बाजारातले बहुतेक मध्ये पॉझिटिव्ह असतात. उलटा लावलात तर आतल्या सप्लायचा भाग जातो, टीआर४ म्हणजे झेडटीएक्स६५० आधी. तो गेला की १२ आणि उणे ५ बंद आणि त्याच्या मागोमाग खालची रॅम. ९ व्होल्ट, दीड अँपिअर किंवा वर, मध्ये निगेटिव्ह, मीटरने बघून मगच. झेडटीएक्स६५० च्या जागी झेडटीएक्स६५१ चालतो.

शाळेचा_संगणक (पुढच्या बुधवारी, रात्री १०:३०)

पार्ट आले. बेंगळुरूहून चार दिवसांत. पॅकेटवरच्या खुणा भिंगातून वाचल्या, एमकेपी एक्स२, ६०३८४-१४, सगळं आहे. मोजले तर मोठा ९८ नॅनो, छोटा ९.९.

रिफा फुटून बोर्डवर चिकट तपकिरी राळ पसरली होती, ती आयसोप्रोपिलने आणि जुन्या टूथब्रशने तासभर घासली, काळं झालेलं खरवडून काढलं कारण कोळसा करंट वाहतो असं काकांनी फोनवर बजावलं होतं. मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज नाही ना हे आधी मीटरने बघितलं, २.२ के १० वॉटचा रेझिस्टर लावून पुन्हा बघितलं. सी९ काढून मोजला, २२० च्या जागी ७१. फ्यूज होल्डर टाकला.

सिरीज बोर्डवर मशीन न जोडता, ५ ओहमचा रेझिस्टर लावून चालू केलं. बल्ब उजळला, मंद झाला. ५.०४. उणे बाजू उणे ५.१. अर्धा तास तसंच ठेवून समोर बसून राहिलो. मग बल्ब काढून थेट लाइनवर अजून अर्धा तास, आकडे तेच.

मग मशीनला जोडलं. तीन लाल, तीन काळ्या, एक जांभळी. जांभळी उणे ५ ची, ती तीनदा तपासली.

बीप आला. बीबीसी कॉम्प्युटर ३२के, खाली बेसिक, खाली ते बाणाचं चिन्ह. माझी आठवीतली मुलगी शेजारी होती, तिने तिचं नाव दहा वेळा छापणारा प्रोग्राम टाइप केला. शुक्रवारी शाळेत नेतोय. दुसऱ्या मशीनचे तिन्ही पार्टही आणून ठेवलेत, ते मुलांसमोर उघडून बदलायचं असं बाईंचं म्हणणं आहे, लाइन जोडायचं काम मात्र मी एकटा करणार.

पुणे_तीस (पुढच्या बुधवारी, रात्री १०:५५)

वा!! माझाही चालू झाला, दोन बारके कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि तेच १३००७. रविवारपासून रोज चार तास चालतोय, हीटसिंक कोमट.

सिरीजबोर्ड (पुढच्या बुधवारी, रात्री ११:१०)

दोघांचंही अभिनंदन. शाळेचे, एक महिन्याने झाकण उघडून एकदा नजर टाका, आणि सोल्डर केलेल्या जागा भिंगातून बघा.

कोकणी_माणूस (गुरुवार, सकाळी ८:००)

एक्स२ जास्तीचे मागवले असतील तर ०.१ चे दोन मला द्याल का? पोस्टेज आणि पैसे पाठवतो. इथे रत्नागिरीत दोन दिवस फिरलो, सगळीकडे १०४ ६३० व्होल्टच दाखवतायत.

शाळेचा_संगणक (गुरुवार, सकाळी ८:२०)

०.१ चं दहाचं पाकीट घेतलंय, एक लागला, एक दुसऱ्या मशीनचा. पत्ता मेसेज करा, आजच टाकतो. पैसे नकोत.